म्हाळूची सुई

नेकनूरात उन्हाळा लागला की माणसं लंगडायला लागायची. कुणाच्या घोट्यावर फोड यायचा, कुणाच्या पोटरीवर. फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू आतून डोकं बाहेर काढायचा. मग तो काडीला गुंडाळायचा आणि रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तो आत तुटला, तर पाय सुजून माणूस महिना महिना बाजेवर पडायचं. निजामाच्या अमलात बीडला सरकारी दवाखाना होता, पण नारूसाठी तिकडं कुणी जात नसे. दरसाल येणारी गोष्ट, ती दवाखान्यात काय दाखवायची, असं लोकांना वाटे.

अशा गावचा धर्मराज हैदराबादला डॉक्टर झाला. तो लहान असतानाच त्याचे आईबाप प्लेगात गेले होते. त्याला वाढवलं ते तुळजाबाई आत्यानं. ती चौसाळ्याला दिली होती. नवरा गेल्यावर माहेरी परत आली आणि भावाची जमीन तिनं स्वतः कसली. पेरणीला पाभरीमागं चालायची, खळ्यावर गड्यांच्या आधी हजर असायची. पोराला शिकवायचं तिनं ठरवलं तेव्हा भावकीतली माणसं हसली होती. तो पास झाल्याचं कळलं त्या दिवशी तिनं पेढे वाटले नाहीत. बैल दुपारीच सोडले आणि घरी येऊन निजली.

पास झाल्यावर धर्मराज विद्यापीठाच्या वैद्यकशाखेतच प्रोफेसर मुर्तझा यांच्या हाताखाली लागला. मुर्तझासाहेब नारूवरच्या एका नव्या औषधाचं संशोधन करत होते. औषध सुईनं नारूच्या आजूबाजूला टोचायचं, म्हणजे किडा आतच मरेल आणि सहज निघून येईल, असा त्यांचा अंदाज होता. दवाखान्यातल्या थोड्या रोग्यांवर गुण दिसला होता. आता गावात जाऊन पुष्कळ माणसांवर ते करून पाहायचं होतं.

"तुझ्या मुलुखात नारू फार, नाही का?" साहेबांनी एक दिवस उर्दूत विचारलं.

"माझ्या गावातच पुष्कळ आहे, साहेब," धर्मराज म्हणाला. बोलताना त्याला अभिमान वाटला, आणि नारूचा अभिमान वाटला म्हणून लगेच ओशाळल्यासारखंही झालं.

साहेबांनी त्याला काम समजावून दिलं. दोन बाटल्या. एकीत औषध, दुसरीत मिठाचं पाणी. दिसायला दोन्ही सारखी. रांगेत पहिला येईल त्याला औषध, दुसऱ्याला पाणी, तिसऱ्याला पुन्हा औषध.

"पाणी कशाला, साहेब?"

"नारू आपणहूनही बाहेर पडतो. औषधानं पडला की नुसताच पडला, हे कळणार कसं? दोन्हीकडची माणसं शेजारी शेजारी पाहिली तरच कळेल. मात्र कुणाला काय द्यायचं हे रांगेनं ठरलं पाहिजे. तू ठरवायचं नाही. आणि रोग्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर पाणी घ्यायला कोण उभं राहील?"

धर्मराजला हे सगळं पटलं. इतकं पटलं, की परळीपर्यंतच्या आगगाडीत तो शेजारी बसलेल्या एका अनोळखी वकिलाला ते उत्साहानं समजावून सांगत होता.

गावात धर्मराजच्याच भावकीतल्या अर्जुनराव पाटलांनी आपल्या नावानं दवंडी दिली: आपला धर्मराज हैदराबादचं औषध घेऊन आलाय, ज्याच्या अंगात नारू असंल त्यानं चावडीत यावं. सकाळी चावडीच्या ओसरीपासून लिंबाच्या झाडापर्यंत रांग लागली. लोक आले ते औषधावर विश्वास ठेवून नव्हे. औषध काय आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ते आले तुळजाबाईच्या पोरासाठी. त्याच्या बापाला ओळखणारी म्हातारी माणसं त्याच्यापुढं पाय करायची आणि मान फिरवून घ्यायची. आत काय आहे हे एकानंही विचारलं नाही.

धर्मराज नेमानं काम करत होता. उजवीकडची औषधाची बाटली, मग डावीकडची पाण्याची, मग पुन्हा उजवीकडची. सुई उकळायला ठेवून त्यानं मान वर केली, तेव्हा त्याला रांगेत आत्या दिसली.

तिला नारू झालाय हे तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. लुगडं गुडघ्याच्या वर धरून ती उभी होती आणि गुडघ्याच्या बाजूला टम्म फोड आला होता. तिच्या पुढं, रांगेत पहिला, म्हाळू धनगर होता. म्हाळूच्या पोटरीवर दोन ठिकाणी चिंध्या बांधल्या होत्या आणि तो काठीवर रेलला होता.

आत्ताच एका माणसाला पाणी गेलं होतं. म्हणजे औषध म्हाळूला, आणि आत्याला पाणी.

धर्मराजनं फार विचार केला असं नाही. पुढं त्यानं स्वतःला पुष्कळदा विचारलं, की तेव्हा मनात नेमकं काय आलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याला एवढंच आठवलं की आत्याला पाणी टोचायला आपला हात तयार नव्हता.

"म्हाळू," तो म्हणाला, "जरा मागं सर. आत्याला उभं राहवत नाही."

वाक्य पुरं व्हायच्या आत म्हाळू मागं सरला. "व्हय की. बाईला आदी घ्या."

आत्या पुढं आली. तिनं म्हाळूकडं पाहिलं नाही; तिला पुढं घेणं ही गावची रीतच होती. ती बाकावर बसली, पाय स्टुलावर ठेवला. धर्मराजचा हात उजवीकडच्या बाटलीकडं गेला. मग म्हाळू बसला, त्यानं डोळे मिटून बिरोबाचं नाव घेतलं आणि धर्मराजनं त्याला मिठाचं पाणी टोचलं.

कुणाला काही वावगं वाटलं नाही.

रोग्यांवर लक्ष ठेवायला धर्मराज गावातच राहिला होता. औषध मिळालेल्यांपैकी काहींचा नारू खरंच अलगद निघाला. काहींचे पाय मात्र सुजले, पू झाला. सगळ्यांत वाईट झालं तुळजाबाईचं. किडा गुडघ्यालगत मेला आणि आतच नासला. गुडघा तापला, मांडीपर्यंत लाल रेघ चढली, ती तापात भावाला हाका मारू लागली. धर्मराजनं तिला बैलगाडीत घालून बीडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गुडघा चिरून पू काढला. जीव वाचला, पायही राहिला, पण गुडघा कायमचा ताठला. तिला मांडी घालता येईना, उकिडवं बसता येईना, पाभरीमागं चालणं तर संपलंच.

घरी आणल्यावर बायका भेटायला यायच्या. तुळजाबाई बाजेवर पाय लांब करून बसायची.

"कशी गं झाली ही दशा?" कुणी विचारलं की ती म्हणायची, "धर्मानं मला पुढं घेऊन सुई दिलती. त्यानं कायबी कमी केलं न्हाई. माझंच अंग वंगाळ."

धर्मराज आतल्या खोलीत असायचा. हे कानावर पडलं की तो मागच्या दारानं गोठ्यात जाऊन उभा राहायचा.

अशात एक दिवस म्हाळू आला. आता तो काठीशिवाय चालत होता. त्याचा नारू काडीला गुंडाळता गुंडाळता पुरा निघाला होता, न तुटता. एरवीही तो निघालाच असता. म्हाळूनं केळीच्या पानावर लोण्याचा गोळा आणला होता.

"डाक्टर, तुमच्या सुईनं लई गुण आला बगा. दरसाल मी आखाडापस्तोर लंगडतो. औंदा मेंढरामागं पळाया लागलो."

हे घेणार नाही असं म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. धर्मराजनं लोणी घेतलं. संध्याकाळी आत्यानं ते भाकरीवर घालून त्याच्या ताटात वाढलं आणि तो ते खाऊ शकला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

पावसाळ्याआधी तो हैदराबादला परतला. साहेब नेकनूरच्या कामाची वाटच पाहत होते. मेजावर कागद पसरून ते विचारू लागले. तुळजाबाईच्या पायाची हकीकत ऐकताना त्यांनी चष्मा काढला.

"ही तुझी कोण?"

"आत्या. मला तिनंच वाढवलं." मग धर्मराज खाली पाहून म्हणाला, "साहेब, तिच्या वाट्याला पाणी होतं. मी तिला पुढं घेतलं."

मुर्तझासाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूहळू कागद गोळा केले.

"आज सांगितलंस हे ठीक केलंस. पण नेकनूर आता कामाचं राहिलं नाही."

"एकच माणूस होतं, साहेब. बाकी सगळे रांगेनंच घेतले."

"मी मानतो. पण मी छापून आणल्यावर जो वाचेल, त्यानं का मानावं? एकाला हलवलं तो दुसऱ्याला हलवणार नाही हे कशावरून? सगळं गाव बाजूला ठेवावं लागेल."

"आणि तिचा पाय?"

"तोही धरता येणार नाही," साहेब म्हणाले.

धर्मराज बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिला. आत्याचा पाय या औषधानं गेला, एवढं तरी जगाला कळलं असतं; पुढच्या गावात कुणीतरी गुडघ्याजवळ सुई टोचताना थांबलं असतं. तेही आता व्हायचं नव्हतं. चावडीपासून लिंबापर्यंत जी माणसं उन्हात उभी राहिली होती, ती सगळी फुकट उभी राहिली होती. त्यानं रजा मागितली आणि पुन्हा गाव गाठलं.

अर्जुनराव पाटलांना त्यानं सांगितलं, "मला लोकांशी बोलायचंय." पाटलांनी माणसं बोलावली. तुळजाबाई चालत येऊ शकत नव्हती, म्हणून दोघांनी तिला बाजेसकट आणून चावडीच्या ओसरीवर ठेवलं. बसून सांगायचं असं धर्मराजनं ठरवलं होतं, पण तो उभाच राहिला. त्यानं दोन बाटल्यांचं सांगितलं. निम्म्यांना पाणी दिल्याचं सांगितलं. म्हाळूला मागं सारून आत्याला पुढं घेतल्याचं सांगितलं, आणि त्यापायी नेकनूर आता कशातच धरलं जाणार नाही हेही.

चतुराबाई नावाची म्हातारी म्हणाली, "माझ्यात काय घातलतं रं? औषध का पानी?"

"पाणी, चतुराबाई."

"मंग तसं सांगायचं व्हतं. पान्याला मी न्हाई म्हनले असते का?"

पाटील खाली बघत होते. "दवंडी माझ्या नावानं दिलती, धर्मराज," ते म्हणाले. "म्या बी तुला इचारलं न्हाई का आत काय हाय. माणसं माझ्या शब्दावर आली." त्यांनी मान वर केली. "आता एक सांग. हा नारू मुळात व्हतो कशानं, ते तरी ठाऊक हाय का तुमच्या हैदराबादेत?"

"आहे," धर्मराज म्हणाला.

त्यानं सांगितलं. नारूवालं माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतं. नारू पाण्यात पिलं सोडतो. ती डोळ्याला दिसत नाहीत, पण पाण्यातले बारीक किडे ती गिळतात. ते पाणी जो पितो, त्याच्या अंगातून पुढच्या उन्हाळ्यात नारू निघतो. पाणी दुहेरी फडक्यानं गाळलं की ते किडे वर अडकतात, मग नारू होत नाही.

"फडक्यानं?" पाटलांनी विचारलं.

"हो. साध्या फडक्यानं."

ओसरीवरून आत्याचा आवाज आला. "कवापासून ठाऊक हाय तुला?"

"कॉलेजात दुसऱ्या वर्षी शिकवलं."

"आन दर सुट्टीला तू घरी यायचास."

"हो."

"म्या बारवेचंच पानी द्यायची तुला. तू प्यायचास."

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. तिला समजून घ्यायचं होतं, एवढंच. धर्मराजसाठी कॉलेजात ते परीक्षेचं उत्तर होतं आणि घरी ते आत्यानं दिलेलं पाणी होतं. दोन्ही एकच आहे हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. लोक एकेक करून उठले. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. जाताना कुणी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "म्हाळू मागं सरला तवा म्या त्याच्या तोंडाकडं बघितलं बी न्हाई, धर्मा. त्याचा बी पाय दुखतच असंल की." मग थोड्या वेळानं, "तू तुझं सांगितलंस. त्याला सांगितलंस का?"

म्हाळू त्या दिवशी चावडीत नव्हता. त्याची मेंढरं गावाबाहेरच्या पडीक रानात बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच धर्मराज तिकडं गेला. म्हाळू एका कोकराच्या खुरातला काटा काढत होता. धर्मराज त्याच्यासमोर जमिनीवर बसला. म्हाळू चपापला, पाटलांच्या भावकीतलं माणूस असं त्याच्यापुढं भुईवर कधी बसलं नव्हतं.

धर्मराजनं त्यालाही सगळं सांगितलं. म्हाळू ऐकत राहिला. कोकरू सुटून पळालं तरी त्याचं लक्ष गेलं नाही.

"म्हंजी माझ्यात निस्तं पानी गेलं."

"हो."

"आन माझं औषध बाईच्या अंगात गेलं."

"हो, म्हाळू. मी तुला फसवलं. तुझा नारू तुझा तूच काढलास. माझा त्यात काही गुण नाही."

म्हाळू विचार करत होता. धर्मराज वाट पाहत होता की आता हा काय बोलेल, आणि जे बोलेल ते ऐकून घ्यायचं त्यानं ठरवलं होतं. पण म्हाळूच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी आलं. त्याचा चेहरा उतरला.

"मंग तिचा पाय माझ्यापायी गेला की," तो म्हणाला.

"तसं नाही. तो माझ्यापायी गेला."

"कसं न्हाई? रांगेत म्या पुढं व्हतो ना?"

"होतास."

"ती सुई माझी व्हती ना?"

"तुझीच होती."

"मंग पाय माझा जायाचा व्हता," म्हाळू म्हणाला. "बाईनं माझं घेतलं."

धर्मराजनं पुष्कळ समजावलं. औषधानं म्हाळूचं असंच झालं असतं असं नाही. त्याचा नारू पोटरीत होता, आत्याचा गुडघ्याशी. म्हाळू मान हलवत राहिला, पण त्याला जे समजलं होतं ते त्यानं सोडलं नाही.

त्याच दिवशी दुपारी तो घरी आला. खांद्यावर नवी कोरी घोंगडी होती. तो उंबऱ्याच्या आत कधी येत नसे, आजही आला नाही. बाहेरूनच त्यानं घोंगडी आत सरकवली.

"बाईच्या पायाखाली घाला. बाज टोचत आसंल."

तुळजाबाईला आधी कळेना. मग तिच्या ध्यानात आलं. "तू कावून आणलीस रे ही? लाजायचं आमी. तू कावून लाजतोस?"

"माझी सुई तुमी घेतली, बाई," म्हाळू म्हणाला. दारातच डोकं भुईला टेकून तो निघून गेला.

आत्यानं घोंगडीकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. धर्मराजला ती पहिल्यांदाच रडताना दिसली. ताप होता तेव्हाही ती रडली नव्हती.

राहिलेल्या रजेत धर्मराजनं पाटलांना हाताशी धरून बारवेच्या खालच्या पायऱ्या दगडचुन्यानं बुजवायला लावल्या आणि वर लाकडी रहाट बसवला, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागू नये. काम सोपं नव्हतं. पायऱ्या बुजवणं म्हातारी माणसं अशुभ मानत. दगड वाहायला माणसं मिळेनात, आणि मिळाली ती अबोल्यानं काम करत. म्हाळू मात्र मेंढरं बायकोवर सोडून रोज यायचा. फडक्यानं गाळून पाणी कसं भरायचं हे धर्मराज बायकांना दाखवायला लागला, तर त्या त्याचं न ऐकता तुळजाबाईकडं जायच्या. ती बाजेवर बसून, लुगड्याचं धडपं दुहेरी करून घागरीच्या तोंडावर कसं बांधायचं ते दाखवायची.

पुढच्या उन्हाळ्यातही नारू निघाला, कारण तो आदल्या सालच्या पाण्यातला होता. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो फारच थोड्यांना झाला.

मुर्तझासाहेबांनी धर्मराजला पुन्हा संशोधनावर घेतलं नाही आणि त्यानंही मागितलं नाही. तलवाड्याला सरकारी दवाखान्यात त्याची नेमणूक झाली. तिथं तो सुई टोचायच्या आधी आत काय आहे, त्यानं काय होईल आणि काय बिघडू शकेल, हे रोग्याला सांगायचा. पुष्कळ लोक ते ऐकून सुई न घेताच परत जायचे, आणि तो त्यांना जाऊ द्यायचा.

सणासुदीला तो नेकनूरला यायचा तेव्हा आत्या काठी टेकत, ताठलेला पाय बाजूनं फिरवत दारापर्यंत यायची. चुलीपुढं बसता येत नाही म्हणून तिनं ओटा करून घेतला होता आणि उभ्यानं भाकरी थापायची. अंगणात बहुतेक वेळा म्हाळू असायचा, रहाटावरून आणलेल्या पाण्याच्या घागरी उतरवत. परगावचं कुणी आलेलं असलं की तो त्यांना धर्मराजकडं बोट दाखवून सांगायचा, "ह्या डाक्टरनं माझा पाय वाचवला."

"खोटं आहे ते," धर्मराज म्हणायचा. "मी याला पाणी दिलं होतं. याचं औषध मी माझ्या आत्याला दिलं." तो हे दर वेळी सांगायचा, सगळं, आत्याच्या समोर. पाहुणे हसून मान डोलवायचे. डॉक्टर असून स्वतःचं कौतुक ऐकवत नाही, किती साधा माणूस, असं ते एकमेकांत म्हणायचे, आणि आत्या आत निघून जायची.